वाढवा

आमच्या घरातून कुणी जात नाही. आप्पा पलटणीत निघतात तेव्हा उंबऱ्यात उभे राहून "येतो" म्हणतात, आणि पुढे दहा महिने त्यांचा पत्ता नसतो. आई डेअरीवर दूध घालायला निघाली तरी "येते गं." मी दुसरीत असताना एकदा "शाळेत जाते" म्हणाले, तर तिने मला अर्ध्या गल्लीतून परत आणलं, पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि "येते" वदवून घेऊन मगच सोडलं. तोवर शाळेत प्रार्थना संपली होती. बाईंनी अंगठे धरायला लावले. त्याचा राग मला अजून आहे.

वाईट शब्द तोंडातून काढायचाच नाही, हा आईचा कायदा. वडूजमध्ये बऱ्याच घरांत तो असतो, पण फौजीच्या बायकोच्या घरात जरा जास्तच कडक असतो. आमच्याकडे दिवा विझत नाही, शांत होतो. ताई आणि मी यावरून आईची भरपूर चेष्टा करायचो. ताई म्हणजे संयोगिता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती म्हणायची, "आपल्या घरात वाईट काय होतच न्हाई बग शिवा, नुसतं शब्द बदलत्यात."

ताईला डॉक्टर व्हायचं होतं. अभ्यासात मी तिच्या नखाची सर नाही. पण परीक्षेला बसली की तिचे हात गार पडायचे आणि येत असलेलं सगळं विसरायची. बारावीनंतरची प्रवेश परीक्षा थोडक्यात हुकली, आणि पुन्हा एक वर्ष द्यायचं ठरलं. सांगलीला विश्रामबागेत एक नवी अकॅडमी निघाली होती. तिथे असल्या मुलांवर उपाय होता. हरभऱ्याएवढं काळं यंत्र, कानामागे चिकटवायचं, नव्वद दिवस. मनातली भीती, घोळ, फाफटपसारा ते हळूहळू काढून टाकतं, आणि मग मेंदूलाच तशी सवय लागते, असं तिथल्या दीपाली मॅडमनी पालकसभेत सांगितलं. "एक वस्तू, एक शब्द, एक उत्तर," असं त्या म्हणाल्या.

आईने ते यंत्र तळहातावर घेऊन उलटसुलट बघितलं. "बिब्बाच की ह्यो," ती म्हणाली. लहान मुलांना दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा बांधतात, तो. तेव्हापासून घरात त्याचं नाव बिब्बा पडलं आणि आईला त्याची भीती वाटेनाशी झाली.

ताईला मात्र वाटत होती. जूनमध्ये होस्टेलला जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिची बॅग भरत होतो. एकदम म्हणाली, "शिवा, मी बदलले तर गं?"

"बरंच की. घोरायची तरी थांबशील."

"चेष्टा न्हाई करत. मी बदलले हे मला कळनारच न्हाई. तुला कळंल."

"कळलं तर काय करू?"

"मला घरी आन. काय बी झालं तरी मला घरी आन."

"झिंज्या धरून आणते."

"शप्पथ?"

"शप्पथ," मी म्हणाले. माझं अर्धं लक्ष बॅगेच्या चेनकडे होतं, ती अडकली होती.

पहिल्याच महिन्यात ताईचे मार्क भराभर चढले. आप्पांचा कधीतरी लागणारा फोन आला तेव्हा आईने त्यांना ते दोनदा सांगितलं. मी ताईला मेसेज टाकला: कानामागून आली नि तिखट झाली. एरवी तिने हसऱ्या तोंडांची ओळच्या ओळ पाठवली असती. या वेळी उत्तर आलं, "यंत्र कानामागेच आहे. ते तिखट नाही."

मी पोट धरून हसले. मला वाटलं, माझीच फिरकी घेतेय.

नागपंचमीला ती दोन दिवस घरी आली. काही बिघडलंय असं बघून वाटलं नसतं. वेळेवर उठायची, जेवायची, भांडी घासायची. पण तिच्या बोलण्यातला "हाय" गेला होता, "गं" गेला होता. शेजारच्या बयाबाई "कवा आलीस?" म्हणाल्या, तर हिने "काल, चार वाजून दहा मिनिटांनी" असं सांगितलं आणि गप्प बसली. बयाबाई आल्या पावली परत गेल्या.

सणाच्या दिवशी आई पाट्यावर पुरण वाटत होती. हात आपटला आणि हिरवी बांगडी तडकून खाली पडली.

"आगं बाई, बांगडी वाढली," आई म्हणाली.

"फुटली," ताई म्हणाली.

आईचा हात वरवंट्यावर थांबला.

"सहा होत्या. आता पाच आहेत. वाढली कशी म्हणतेस?" ताईच्या आवाजात राग नव्हता, हट्टही नव्हता. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं तिने सांगितलं.

"आसं म्हनू नये, बाय. तुजं आप्पा तिकडं बर्फात हायत."

"बांगडीचा आणि आप्पांचा काही संबंध नाही."

खरंच नाही. मलाही ते माहीत आहे, आणि मला वाटतं आईलाही माहीत असावं. पण आईने काचेचे तुकडे पदरात वेचून देवापुढे ठेवले आणि हात जोडले, आणि ताई ते हात बघत होती, आणि तिला त्यात काहीच दिसत नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सांगलीची एसटी लागली. ताई दारात चढली, वळली आणि म्हणाली, "जाते."

"येते म्हन," आई म्हणाली.

"मी येत नाही. मी जाते आहे."

कंडक्टरने दार लावून घेतलं. आई तिथेच फलाटावर खाली बसली, हातातली रिकामी पिशवी मांडीवर घेऊन. बायका बघायला लागल्या. मी तिला उठवून घरी आणलं.

पुढच्या सोमवारी मी कॉलेज बुडवलं आणि मायणी, विटा, तासगाव करत सांगली गाठली. अकॅडमीत न जाता आधी कस्तुरीला भेटले. कस्तुरी ताईच्या वर्गात होती, पण बिब्ब्याशिवाय. तिच्या वडिलांनी, रायगोंडाअण्णांनी, नकोच म्हणून सांगितलं होतं. मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं दुकान. भिंती, फोन, अण्णांच्या भुवया, सगळ्यावर पिवळी पूड. ही माणसं जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी, त्यामुळे अण्णा आवरायच्या घाईत होते.

"कोंडीबा, वाढवा रं दुकान," त्यांनी हमालाला हाक मारली, आणि कोंडीबाने एकेक फळी लावायला घेतली. मग मला म्हणाले, "पोरी, घरात सांगून आलीस न्हवं?"

मी मान हलवली. अर्धी हो, अर्धी नाही.

कस्तुरीने मला पोत्यांच्या आड नेलं. "ऐक. नव्वदाव्या दिवशी तुज्या आईला फोन येतोय. मानूस न्हाई बोलत, मशीन इचारतंय, यंत्र पुढं चालवायचं का. पालक नको म्हनले तर आठवडाभरात हळूहळू उतरवत्यात. मग बरंच मागारी येतं."

"आणि हो म्हटलं तर?"

"मग तासभर यंत्राचा लय जोर करत्यात आन् ते आपोआप गळून पडतंय. मग त्याची गरजच ऱ्हात न्हाई. ती तशीच ऱ्हाती, कायमची."

"मग आताच उपटून टाकते की मी."

"येडी हायस का?" कस्तुरीने माझा दंड धरला. "मागच्या बॅचच्या वीरधवलनं उपटलावता, सत्तराव्या दिवशी. आता त्येला ताट दिसतंय, पन ताट म्हनता येत न्हाई. नुसतं बोट दावतोय. आईला बी बोटच दावतोय."

अण्णांनी मला जाताना पुडीत भडंग बांधून दिलं. एसटीत मी ते मांडीवर धरून बसले, वडूज येईपर्यंत सोडलं नाही.

आईला पटवायला मला पंधरा दिवस लागले. "मार्क तर पडत्यात की" हे तिचं एक पालुपद. आप्पांचा फोन लागत नव्हता. ते कुठे आहेत हे सांगायची त्यांना परवानगीही नव्हती. वीरधवलचं सांगितलं तर म्हणाली, त्येनं उपटायचंच न्हवतं. शेवटी मी म्हणाले, "आई, ताई जाते म्हणाली. तुझ्या तोंडावर म्हणाली."

आई भाकरी थापत होती. थापतच राहिली. भाकरी काठाला फाटली तरी थापत राहिली.

"कवा येनार त्यो फोन?" ती म्हणाली.

नव्वदावा दिवस गौरी यायच्या आदल्या दिवशी येत होता. फोन आईच्या नंबरवर येणार, आणि म्हैस व्यायला झालेली, म्हणून आईने घरी थांबायचं आणि मी ताईला आणायला जायचं असं ठरलं. सकाळी स्टँडवर मी तिला घोकवलं. "मशीन विचारील. तू फक्त म्हण, बंद करा."

"लेकराच्या नावाम्होरं बंद म्हनू? घरात गौर येनार आन् मी बंद म्हनू?"

"मग थांबवा म्हण."

"त्ये बी वंगाळच की."

घंटी वाजली, गाडी हलली. मी खिडकीतून ओरडले, "बरं बाई, तुला जसं येतं तसं सांग! पण सांग!" आईने मान डोलावली आणि पदराने तोंड पुसलं. मला त्यात काहीच खटकलं नाही. खटकणार कसं? मीही त्याच घरातली.

अकॅडमीच्या ऑफिसात दीपाली मॅडम, ताई आणि मी अशा तिघी बसलो. मॅडमनी केस मागे सारले तेव्हा त्यांच्या कानामागे हरभऱ्याएवढा पांढरा डाग दिसला. नुसता डाग, बिब्बा नव्हता.

"फोन स्पीकरवर ऐकू येईल," त्या म्हणाल्या. "इथून कुणी बोललं तर नोंद बाद होते, आणि नोंद नसेल तर कार्यक्रम पुढे चालू राहतो. पालकांचं एकच उत्तर घेतलं जातं. समजलं?"

मी तोंडावर हात ठेवला. ताई माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिच्याकडे बघून हसले. ती माझ्याकडे बघत होती, इतकंच.

बरोबर अकराला घंटी गेली. आईने लगेच उचलला. फोन हातातच धरून बसली असणार.

"संयोगिता उदयसिंह घार्गे यांचे नव्वद दिवस पूर्ण झाले आहेत," गोड आवाज म्हणाला. "यंत्राबाबतचा निर्णय कृपया आपल्या शब्दांत सांगा."

"हॅलो? मी संयोगिताची आई बोलतीया."

"निर्णय सांगा."

मागे म्हैस हंबरत होती. आईचा श्वास ऐकू येत होता. बोल, मी मनात म्हणत होते, बोल की गं आई. आणि मग आईने, जन्मात कधी वाईट शब्द न काढलेल्या माझ्या आईने, सगळा जीव गोळा करून सांगितलं.

"वाढवा, बाई. देवाचं नाव घिऊन वाढवा आता त्यो बिब्बा."

"वाढवा," तो आवाज म्हणाला. "नोंद केली आहे. धन्यवाद."

"लय उपकार झालं," आई म्हणाली, आणि फोन कट झाला.

मी उठून उभी राहिले. काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आई बंद करा म्हणाली, दुकान वाढवतात तसं, बांगडी वाढते तसं, आमच्याकडे असंच म्हणतात, कुणालाही विचारा, मार्केट यार्डात जाऊन विचारा. मी रडत होते आणि टेबलावर हात आपटत होते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "वाढवणे म्हणजे जास्त करणे," त्या म्हणाल्या. "शब्द स्पष्ट आहे."

"आवं मॅडम, पुन्हा फोन लावा! मी तिच्याशी बोलते, एकदा लावा!"

"उत्तर एकच घेतलं जातं. मी आधी सांगितलं होतं."

मी ताईकडे वळले. "ताई, तू सांग. तुला म्हाईत हाय आई काय म्हनाली. सांग की ह्यास्नी!"

"आईला बंद करा म्हणायचं होतं," ताई म्हणाली.

माझ्या जिवात जीव आला. "बगा! बगा, ती सांगतीय!"

"पण तिने वाढवा म्हटलं," ताई म्हणाली. "म्हणायचं असणं आणि म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मॅडमनी मान हलवली आणि समोरच्या पडद्यावर बोट टेकवलं. ताईच्या कानामागचा बिब्बा उजळला, मंद निळा. मी झेप घेऊन त्याला हात घातला. माझं नख त्याच्या कडेखाली गेलंसुद्धा. ताईने माझं मनगट धरलं. तिचा हात गार नव्हता. परीक्षेला बसली की गार पडणारा माझ्या ताईचा हात, तो आता नीट कोमट होता.

"वीरधवल," ती म्हणाली.

फक्त एवढंच. मी हात मागे घेतला. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, आणि उपटला असता तरी माफ केलं नसतं. मी तासभर तिच्या पायाशी जमिनीवर बसून राहिले. तिला लहानपणीचं काय काय विचारत राहिले. विहिरीवरचं, बयाबाईंच्या कोंबडीचं, आमच्या शपथेचं. तिला सगळं आठवत होतं, तारखांसकट. ती उत्तरं देत राहिली आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा आखूड येत गेलं. बारा वाजता बिब्बा गळून तिच्या मांडीवर पडला. तिने तो उचलून मॅडमकडे दिला, त्यांनी तो डब्यात टाकला, आणि आम्हाला घरी जायला परवानगी मिळाली.

एसटीत ती खिडकीपाशी बसली. विट्यापर्यंत मी आईला फोन करायला तीनदा मोबाइल काढला. करून काय सांगणार होते? की तू चुकलीस म्हणून? ती चुकली नव्हती. तिने आयुष्यभर जपलेला शब्द आपल्या लेकीसाठी वापरला होता. मी मोबाइल परत ठेवून दिला.

घरी पोचलो तेव्हा ऊन होतं. आई दारातच उभी होती, भाकरतुकडा घेऊन. अंगण सारवलं होतं, उंबऱ्यापासून आत गौरीची हळदीकुंकवाची पावलं काढून झाली होती, आणि आईच्या हातात नव्या बांगड्या होत्या. तिने ताईवरून तुकडा ओवाळून टाकला, पाय धुतले, मग हळूच तिचे केस बाजूला करून कानामागे बोट फिरवलं. तिथे काहीच नव्हतं. नुसती गुळगुळीत कातडी, आणि एक पांढरा डाग.

"गेला गं बिब्बा!" आईच्या तोंडून "गेला" निघालं ते तिचं तिलाही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते. "वाढवलं न्हवं त्येनी?"

मी तोंड उघडलं. सतरा वर्षांत आईने मला एकही वाईट शब्द शिकवला नव्हता, आणि आता हवा होता तेव्हा माझ्याकडे तो नव्हता.

"हो," ताई म्हणाली. "वाढवलं."

ती खरं तेच बोलली. आईने दोन्ही हातांनी तिचे गाल कुरवाळले, स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली, आणि "आली गं माझी बाय" म्हणत तिला पावलांवरून आत नेलं. ताई एकेक पाऊल मोजल्यासारखी चालत गेली. मी दारात उभी राहिले. घरी आणीन अशी शपथ मी घेतली होती, आणि घरी आणलं होतं. ती शपथ मोडली नव्हती. वाढवली होती.